आग्नेय कोपऱ्यातली वाजणारी फरशी

मी एक जुनी फरशी आहे. कोट्याच्या खाणीतली, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, रंगाने निळसर हिरवी. उज्जैनच्या माधव नगरातल्या एका घरात, मधल्या खोलीच्या आग्नेय कोपऱ्यात मी सत्तर वर्षं पडून आहे. मित्रांनो, तुम्ही माझी गोष्ट ऐकायला आलात, चांगलं केलंत. पण आधी तुमचे हात दाखवा बघू. कोणाच्या हातात पहार, सळई, छन्नी असलं काही नाही ना? नाही? मग बसा. जरा लांबच बसा. आणि मला टकटक करून बघू नका. मी वाजते, हे मला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, ही काय संशयी बाई आहे! आहेच मी संशयी. ज्याच्या पाठीखाली काहीतरी ठेवलेलं असतं, त्याला झोप कुठली? माझ्याजवळ कोणी वाकलं की मला वाटतं, आली स्वारी. चप्पल शोधायला वाकला असेल, मांजराला हाकलायला वाकला असेल, पण मला पहिला शक येतो तो वेगळाच. माळव्यात राहून माझी मराठीही अशी झाली आहे. शंका कमी येते, शक जास्त येतो.

माझा जन्म खाणीत झाला. तिथून आगगाडीने मी उज्जैनला आले, आणि स्टेशनावरून बैलगाडीने माधव नगरात. माझ्यासारख्या दोनशे बहिणी होत्या. त्यांना बैठकीत, ओसरीवर, न्हाणीघराबाहेर जागा मिळाली. मला मात्र मिस्त्रीने बाजूला काढून ठेवलं. मला वाटलं, माझ्यात काही खोट निघाली की काय! नंतर कळलं, की मला मानाची जागा मिळणार होती.

हे घर बांधलं श्रीनाथराव पोतनीसांनी. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दरबारात होते. पोतनीस म्हणजे खजिना सांभाळणारा. श्रीनाथरावांच्या वाट्याला मात्र खजिना आला नाही, सरकारी कचेरीतल्या फायली आल्या. घराची वास्तुशांत झाली तेव्हा आपल्यात करतात तसं त्यांनी आग्नेय कोपऱ्यात हातभर रुंद, उथळ खड्डा करवला. त्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा ठेवायची होती. लोक चांदीची ठेवतात, तांब्याचीही ठेवतात. पण श्रीनाथरावांच्या पत्नी उषाबाई हट्टाला पेटल्या. त्यांनी आपली नथ मोडली आणि त्या सोन्याच्या पातळ पत्र्याची प्रतिमा करवून घेतली. केवढी? तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. ती तांब्याच्या डबीत, उपडी ठेवायची असते तशी उपडी ठेवली, डबी खड्ड्यात ठेवली आणि वर मला बसवलं. खाली खड्डा, म्हणून मी पोकळ वाजते. माझ्या वाजण्याचं कारण एवढंच आहे. पण या एवढ्याशा कारणाने किती माणसांची डोकी फिरली, ते आता ऐका.

उषाबाईंनी माझ्यावर कधी पाय दिला नाही. सणावाराला पहिला नैवेद्य माझ्यावर यायचा. श्रीखंडाचा एखादा थेंब सांडला तर त्या ओल्या फडक्याने हलकेच पुसायच्या. मी खूश होते. पण दोन वर्षंही धड गेली नाहीत. मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर श्रीनाथरावही गेले. घर विकावं लागलं.

वास्तू ही घराची असते, मालकाची नसते. म्हणून उषाबाईंनी प्रतिमा नेली नाही. जाताना त्या माझ्यापाशी बसल्या, डोकं टेकलं आणि नव्या मालकिणीला म्हणाल्या, "जीजी, इस कोने पे पाँव मत रखना. घर का देव है यहाँ. नैवेद्य चढ़ाते रहना."

मालकीण चांगली होती. तिने मान हलवली. पण दारात तिचे यजमान उभे होते, आणि त्यांचे कान माझ्याकडे लागले होते.

त्यांचं नाव गेंदालालजी पोरवाल. देवास गेटपाशी त्यांचं किराण्याचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. घर पोतनीसांचं, पोतनीस खजिन्याचे, आणि कोपऱ्यातली फरशी वाजते! घरात राहायला आल्याच्या चौथ्या दिवशी, भर दुपारी, बायको पापड वाळत घालत होती तेव्हा हे पहार घेऊन माझ्यापाशी आले. काठीने ठोकलं. कान लावला. पुन्हा ठोकलं.

"कुछ तो है इसमें," ते स्वतःशीच पुटपुटले.

मित्रांनो, त्या दिवशी माझी एक कड तुटली. ती खूण अजून माझ्या अंगावर आहे. त्यांनी मला उचललं, डबी काढली, उघडली. आत नखाएवढी प्रतिमा. तेवढ्यात त्यांची बायको आत आली. तिच्या हातातली परात खाली पडली.

"राम-राम! भगवान है ये. वापस धरो जी, अभी के अभी!"

त्यांनी गुपचूप परत ठेवली. मला वाटलं, सुटले. कसलं काय! गेंदालालजींचा हिशोब वेगळाच होता. देवासाठी उघडपणे सोनं पुरणारा माणूस खरा माल दुसरीकडेच लपवणार ना? मग दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी माझ्या दोनशे बहिणी उचलून पाहिल्या. निघालं काय? एक वाकडा चमचा, फुटक्या बांगड्या आणि गोगलगाईंचे शंख. स्वतःच्या हाताने बसवायचे, म्हणून बसवणंही तसलंच. शेवटी सगळ्या घराच्या फरश्या खडखडायला लागल्या. मांजर चाललं तरी वाजायच्या. मोहल्ल्यात घराचं नाव पडलं 'खड़खड़ वाला मकान'. इथे चोर मात्र कधी आला नाही. येऊन करणार काय, पहिल्याच पावलाला सगळं घर जागं झालं असतं.

तीस-बत्तीस वर्षं हे असं चाललं. गेंदालालजी म्हातारे झाले तरी जाता येता माझ्यावर काठी आपटायचेच. मग त्यांची मुलं इंदूरला गेली, आणि एकोणनव्वद साली घर पुन्हा विकलं गेलं.

आता येते ती खरी गोष्ट. जरा सरकून बसा. इतकं लांब नको.

नवे मालक होते दिलीप मोघे. मूळचे वर्ध्याचे, बँकेत नोकरीला. बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. बरोबर त्यांची पत्नी रजनी, चार वर्षांची मुलगी प्राजक्ता आणि दिलीपरावांची थोरली बहीण शैला. शैलाताईंनी लग्न केलं नव्हतं. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. अर्धं घर त्यांच्या कमाईतून घेतलं होतं, म्हणून कागदावर भाऊ-बहीण दोघांचं नाव होतं.

मी माणसं पायांवरून ओळखते. रजनीबाईंचे पाय लगबगीचे, जोडवी वाजवत येणारे. दिलीपरावांचे जड, बुटातले. शैलाताईंचे पाय मात्र मला समजेनात. बिनआवाजाचे पाय! आणि एक गोष्ट तर मला पहिल्याच दिवशी खटकली. त्या माझ्यावर पाय म्हणून देत नसत. नेहमी वळसा घालून जायच्या. इतर सगळे बिनधास्त तुडवत जातात, मग हिलाच काय झालं? माझ्या मनात तेव्हाच आलं, बाई गं, हिच्यावर लक्ष ठेवायला हवं.

घराची पुन्हा वास्तुशांत करायचं ठरलं. पोरवालांनी घर देताना कोपऱ्यातला देव सांगितला होता, म्हणून गुरुजी म्हणाले, आधीची प्रतिमा आहे तर नवी नको, तीच काढू, पूजा करू आणि परत ठेवू. मिस्त्रीने मला उचललं आणि बाहेर दारापुढच्या ओटल्यावर भिंतीला टेकवून ठेवलं. तेही तोंड भिंतीकडे करून! आत मंत्र चालले होते, घंटा वाजत होती आणि मला समोर फक्त चुना दिसत होता. आत माझ्या डबीपाशी कोणाकोणाचे हात फिरतायत, काही कळेना. एवढंच ऐकू आलं, की पूजा झाल्यावर गुरुजी म्हणाले, "शैलाताई, डबी तुम्ही उचला आणि खड्ड्यात ठेवा. तुम्ही घरातल्या थोरल्या." मग सगळे आरतीला देवघरात गेले. गुरुजी मागे राहिले, बाकीचं त्यांनी उरकलं.

मिस्त्रीने माझ्या पाठीवर सिमेंटचा ओला मसाला थापला आणि मला जागेवर दाबून बसवलं. बसताना पाठीत काहीतरी टोचलं. मला वाटलं, खडा असेल. मिस्त्री लोकांना वाळू चाळायचा कंटाळा, दुसरं काय!

पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. खालची डबी मला पहिल्यासारखी वाटेना. अशीच बारा वर्षं गेली. गुरुजीही वारले.

दोन हजार एक साली न्हाणीघराचा नळ गळायला लागला. पाणी कुठवर गेलंय हे पाहायला प्लंबरने मला उचललं. रजनीबाईंनी देवाची डबी म्हणून स्वतः हात घालून ती बाहेर काढली. डबीचं झाकण लागलेलंच नव्हतं. झाकण बाजूला पडलेलं, आत सुकलेली फुलं, अक्षता, सुपारी. आणि प्रतिमा नाही.

रजनीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी डबी उलटी केली, फुलं चाळली, खड्ड्यातली माती बोटांनी उकरली. नाही म्हणजे नाही. मग त्या उठल्या आणि बैठकीत वह्या तपासत बसलेल्या शैलाताईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, डबीचं झाकण उघडं आहे. आत काही नाही."

"नाही म्हणजे?" शैलाताईंनी चष्मा काढला.

"डबी तुमच्याच हातात होती. तुम्हीच ठेवलीत."

"रजनी, तू मला विचारतेयस का सांगतेयस?"

"विचारायचं काय त्यात?" रजनीबाईंचा आवाज चढला. "प्राजक्ताला दहावीला सोन्याच्या कुड्या केल्यात ना तुम्ही? कुठल्या सोन्याच्या?"

सोळा वर्षांची प्राजक्ता दारात उभी होती. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. दिलीपराव म्हणाले, "अगं, असं काय बोलतेस," आणि एवढंच बोलून ते स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. त्यांनी तेव्हा आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. बोलले नाहीत.

आणि मी? मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी मनात म्हटलं, अगदी पक्कं! तरीच ही बाई माझ्यावर पाय देत नव्हती. जिच्या मनात काही नाही ती कशाला वळसा घालेल? मला जीभ असती तर मीही रजनीबाईंच्या बाजूने साक्ष दिली असती.

शैलाताईंनी सफाई दिली नाही. त्यांनी वह्या नीट लावल्या, एका पिशवीत साड्या भरल्या, आणि त्याच संध्याकाळी त्या उज्जैनमधल्याच नानाखेड्याला एका मैत्रिणीकडे गेल्या. पुढे तिथेच एक खोली घेतली. जातानाही त्या माझ्या रिकाम्या खड्ड्याला वळसा घालून गेल्या. त्यांनी या घरात परत पाऊल टाकलं नाही.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. प्लंबरने मला कशीबशी परत बसवलं. रजनीबाईंनी नैवेद्य बंद केला. रिकाम्या जागेला कसला नैवेद्य? माझ्यावर गव्हाची पत्र्याची कोठी आणून ठेवली. चोवीस वर्षं मी त्या कोठीखाली होते. वरून गव्हातले धनेरे किडे आणि पाठीत तो खडा. दिलीपराव दर भाऊबीजेला एकटेच नानाखेड्याला जायचे आणि परत आले की जेवायचे नाहीत. प्राजक्ताने त्या कुड्या परत कधी घातल्या नाहीत. कपाटात होत्या. दिलीपराव सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हा शैलाताई स्मशानाकडून परस्पर परत फिरल्या.

रजनीबाई एकट्या पडल्या. त्यांचे गुडघे गेले. प्राजक्ता पुण्याला असते. तिने आईला तिकडे न्यायचं ठरवलं, आणि घर विकायला निघालं.

घर बघायला मधुरा आणि विहंग नावाचं जोडपं आलं. विहंग रेल्वेत आहे, नुकताच भुसावळहून बदलून आलाय. एकदा आले, दोनदा आले, तिसऱ्यांदा आले. माझा जीव वरखाली. इतक्यांदा बघतायत काय? तिसऱ्यांदा विहंगने कोठी सरकवली आणि माझ्यावर टकटक केली. झालं, म्हटलं, हे नवे गेंदालाल!

"काकू, ही फरशी पोकळ वाजतेय," मधुरा म्हणाली. "खाली पाणी झिरपतंय का? राग नका मानू, पण सही करायच्या आधी एकदा खाली बघून घेऊ."

रजनीबाई कोठीला टेकून उभ्या राहिल्या. "पाणी नाही गं. खाली वास्तूची जागा आहे. पण तुला फसवून घर विकणार नाही मी. ती जागा रिकामी आहे. घरातल्याच माणसाने..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"हरकत नाही काकू, आम्ही आमची ठेवू," मधुरा म्हणाली. "आणि या फरश्या मी टाकणार नाही हं. अशा आता कुठे मिळतात? फक्त नीट बसवून घेईन, फार खडखडतात."

घर विकायचं तर कागदावर शैलाताईंची सही हवी होती. नाव दोघांचं होतं ना! प्राजक्ता पुण्याहून आली आणि आत्याला आणायला नानाखेड्याला गेली. मागच्या महिन्यातल्या एका सकाळी ऑटो दारात थांबला. मी कान देऊन ऐकत होते. आधी काठीचा आवाज आला. मग ते पाय. चोवीस वर्षांनीसुद्धा तेच, बिनआवाजाचे. आता शैलाताई अठ्ठ्याहत्तरच्या होत्या.

त्या आत आल्या नाहीत. ओटल्यावर खुर्ची मागितली आणि तिथेच बसल्या.

"आत्या, आत चल ना गं," प्राजक्ता म्हणाली. "ऊन आहे बाहेर."

"नको बाळा. कागद इथेच आण. मी आत आले आणि परत काही हरवलं तर?"

रजनीबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ते ऐकलं. हातातला कप त्यांनी ओट्यावर ठेवला, पण त्या बाहेर गेल्या नाहीत. दोघींच्या मध्ये दोन खोल्या, एक उंबरठा आणि मी.

त्याच वेळी मधुराचा मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आला. आता मला काही करता येणार होतं का? त्याने पहार घातली, मला उचललं आणि या वेळी भिंतीला नाही, चक्क जमिनीवर पालथं टाकलं. खड्डा कोरडा होता. हिरवी पडलेली डबी तशीच होती. मधुराचा जीव भांड्यात पडला.

"पानी-वानी कुछ नहीं है, मैडम," मिस्त्री म्हणाला. "अभी वापस बिठा देता हूँ. पर पहले इसकी पीठ साफ करनी पड़ेगी. पुराना मसाला चिपका है, इसलिए तो ठीक से बैठती नहीं."

जुनी फरशी परत बसवायची तर तिच्या पाठीचा जुना मसाला काढावाच लागतो. चांगला कारागीर तो आधी काढतो. पण चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या प्लंबरने काढला नव्हता, त्याला नळाची घाई होती; त्याने न बघता त्यावरच नवा थर थापला होता. या मिस्त्रीने छन्नी लावली, हातोडीने हलके घाव घातले. माझ्या पाठीवरचा सिमेंटचा एक पापुद्रा सुटला. आणि मिस्त्रीचा हात थांबला.

"मैडम... इधर आओ तो."

सिमेंटात विड्याच्या पानाचा ठसा होता. पान कधीच कुजून गेलं होतं, पण त्याच्या शिरान् शिरा उमटलेल्या होत्या. आणि त्या ठशाच्या मधोमध, अर्धी रुतलेली, नखाएवढी, पिवळीधम्मक...

"डिब्बे में फूल-चावल ज्यादा भर गए होंगे," मिस्त्री हळूच म्हणाला. "ढक्कन लगा नहीं, तो पंडितजी ने पत्ता रखके ऊपर ही रख दी. ऊपर से गीले मसाले वाला पत्थर दबा, तो इसी में चिपक गई. किसने देखना था पत्थर की पीठ को?"

ऐकलंत, मित्रांनो? मी जिला सगळ्या जगात शोधत होते, ती माझ्याच पाठीला होती! छत्तीस वर्षं! तो खडा नव्हता. मी गुरुजींवर शक घेतला, प्लंबरवर घेतला, आणि जी बाई देवाची जागा म्हणून माझ्यावर पाय देत नव्हती, तिला मी मनातल्या मनात चोर ठरवून मोकळी झाले. दगड आहे म्हणून मला लाज वाटत नाही, असं समजू नका. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली, की मी पालथी होते तेच बरं झालं.

रजनीबाईंनी प्रतिमा तळहातावर घेतली. भिंतीला धरत धरत त्या ओटल्यावर गेल्या आणि शैलाताईंच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. तळहात पुढे केला.

शैलाताईंनी चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं. "कुठे होती?"

"फरशीच्या पाठीला चिकटलेली. पहिल्या दिवसापासून." रजनीबाई रडायला लागल्या. "ताई, मी तुम्हाला विचारायला हवं होतं हो. नुसतं विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तरी मी काय सांगणार होते?" शैलाताई म्हणाल्या. "मला तरी कुठे ठाऊक होतं? पण तू विचारलं असतंस ना रजनी, तर आपण दोघींनी मिळून शोधली असती गं. तुला नसतं सुचलं, मला सुचलं असतं. दिलीप असताना सापडली असती."

या घरात व्हायच्या राहिलेल्या भाऊबीजा काही परत येत नाहीत. रजनीबाई गुडघ्यांचं दुखणं विसरून खाली बसायला गेल्या, पाय धरायला. शैलाताईंनी त्यांचा दंड पकडला.

"खाली बसू नकोस, परत उठता येणार नाही तुला. आणि मलाही उठवता येणार नाही. चल. आत चल."

त्या आत आल्या. मित्रांनो, मी तर खोलीच्या मध्ये पडलेली होते, तरी त्यांनी माझ्या रिकाम्या जागेला वळसा घातला. डबी स्वच्छ घासली गेली. रजनीबाई म्हणाल्या, "ताई, तुमच्याच हाताने ठेवा." शैलाताईंनी प्रतिमा डबीत उपडी ठेवली, दोनच अक्षता टाकल्या आणि झाकण दाबून बसवलं. टक असा आवाज झाला. मिस्त्री मला उचलायला पुढे आला, तेव्हा त्यांनी काठी आडवी केली.

"रुको भैया. पहले इसकी पीठ दिखाओ सबको."

सगळे हसले. मिस्त्रीने मला उभं करून, गोल फिरवून माझी पाठ एकेकाला दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझी पाठ बघत होतं. मला थोडा राग आला, पण बोलायला तोंड होतं कुठे?

मी परत जागेवर बसले. सह्या आतच झाल्या. प्राजक्ता कपाटापाशी गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या कानांत त्या कुड्या होत्या. शैलाताईंनी बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "जरा लहान झाल्या गं तुला." मधुराने त्या दिवशी दुकानातून आणलेला पेढा माझ्यावर ठेवला. चोवीस वर्षांनी नैवेद्य! घर आता तिचं आहे. पुढची मालकीण कशी निघते ते बघू. लगेच काही सांगत नाही. पण पाय हलके आहेत, एवढं खरं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी फरशी वाजत असेल. काही हरवलं असेल आणि कोणाचं तरी नाव तुमच्या जिभेवर आलं असेल. ते नाव जरा तिथेच थांबवा. त्या माणसाला जवळ बोलवा आणि म्हणा, चल, दोघं मिळून शोधू. आणि शोधताना आधी आपली पाठ बघा. माझ्यासारखी छत्तीस वर्षं घालवू नका.

एक सांगायचं राहिलं. मला बसवून झाल्यावर त्या दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या, एकच ओलं फडकं घेऊन मला पुसायला. एकीचा हात थांबला की दुसरीचा चालायचा. तेवढ्यात माझ्यावर एक गरम थेंब पडला. मी वर बघितलं. दोन्ही चेहरे माझ्यावर वाकलेले होते. तो थेंब कोणाचा, ते मला कळलं नाही, आणि या वेळी मी कोणावरही शक घेतला नाही.

चला, उशीर झाला. उठा आता. आणि जाताना हात दाखवायची गरज नाही.